उमेदवारीचा कागद

आमच्या पणजोबांबद्दल घरात एकच वाक्य चालत आलं होतं : ते मुंबईला प्रेसमध्ये खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे छपाईचे टाइप. कुठला प्रेस, काम शिकले कुणाच्या हाताखाली, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मी आधी पुस्तकांच्या मागे लागले. 1867 च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचं ठिकाण घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे ग्रंथसंग्रहालयात जुन्या पुस्तकांची पहिली पानं उलटत बसलं, की गिरगाव-काळबादेवीचे छापखाने एकेक करून भेटत जातात. जावजी दादाजींचा निर्णयसागर 1869 चा. ते स्वतः लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले आणि तिथेच हे काम शिकले. त्यांचं नाव राहिलं. पण ज्यांनी काना, मात्रा, जोडाक्षरं शेकडो घरांतून वेचून ओळी उभ्या केल्या, त्या जुळाऱ्यांची नावं कायद्याने मागितलीच नव्हती. चार महिने शोधून हाती काही लागलं नाही.

कागद सापडला तो गावाला, आत्याच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या कागदांच्या तळाशी. स्टँपपेपर, चार घड्या, घडीवर झिजून भोकं पडलेली. सगळा मजकूर मोडीत. मोडी मी शिकले आहे, पण पुस्तकावरून. कुणा कारकुनाच्या पळत्या हाताचं मोडी वाचणं निराळंच. आधी ओळभर रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं तिला टांगत जायची, त्यामुळे शब्द कुठे तुटतो तेच कळेना. आमच्या मोडीच्या सरांसमोर बसून दोन दुपारी गेल्या. पहिला शब्द सुटला तो 'उमेदवार'. निवडणुकीच्या आधी या शब्दाचा अर्थ हा होता : काम शिकायला राहिलेला मुलगा.

शके 1811, म्हणजे 1889 साल. मुलाचं वय 13. पाच वर्षं उमेदवारी. पहिलं वर्ष नुसतं जेवण, दुसऱ्या वर्षापासून महिना दोन रुपये. मुदतीआधी पळून गेला, तर झालेला खर्च लिहून देणाऱ्याने भरायचा. 1850 च्या कायद्यात मुलाला असं बांधून देण्याचा अधिकार बापाला किंवा पालकाला होता : वय दहाच्या पुढे, अठराच्या आत, मुदत फार तर सात वर्षं. करार त्या चौकटीतलाच होता. फक्त लिहून देणार बाप नव्हता, आई होती. नवरा वारलेला, हेही त्यात आहे.

तिचं नाव सरांनी अक्षर लावून वाचलं तेव्हा मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत; बाई एकही नाही. नाव घरातलं आहे, ते घरातच राहू दे.

खाली सहीच्या जागी एक गोल होता. मला वाटलं शाईचा डाग. सर म्हणाले, "डाग नाही. निशाणी आहे. कुणबी नांगर काढायचा, बाई बांगडी." शेजारी कारकुनाने तसं लिहिलंही होतं. मी भिंग धरलं. सुरुवातीला शाई दाट, पुढे फिकी होत गेलेली, आणि दोन टोकं जुळायच्या आधीच हात उचललेला. बोरू तिने त्याआधी कधी धरला नसणार.

रात्री आत्याला फोन करून सगळं वाचून दाखवलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "बांगडी काढलीन. हातात तर तेव्हा एकही नसेल गं तिच्या."