जुन्या गोव्यात, फेस्त उलटल्यावर

डिसेंबरच्या तीन तारखेचे फेस्त आटोपले की जुने गोवे आपल्या मूळ स्वभावावर येते. मांडव उतरतात, खाज्याची दुकाने पांगतात, नोव्हेनांच्या नऊ दिवसांत उसळलेला जनसागर ओसरतो आणि मांडवीच्या काठी ती प्रचंड मंदिरे पुन्हा आपापसांत बोलत असल्यासारखी उभी राहतात. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनास जाणारे बहुतेक भाविक फेस्ताला जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याला काही विचारावयाचे आहे त्याने फेस्तानंतरच्या आठवड्यात जावे, असे माझे मत झाले आहे. गर्दीत उत्तर मिळत नाही, असे नव्हे. गर्दीत प्रश्नच नीट मांडता येत नाही.

आम्ही बेळगावकर मंडळी गोव्याला दोन वाटांनी उतरतो. एक चोर्ल्याची, दुसरी खानापूर-रामनगरवरून अनमोडच्या घाटाची. मी दुसरी वाट धरली. अनमोड उतरून मोले लागले की हवा बदलते. अंगावरचा स्वेटर जड वाटू लागतो. फोंड्याला गाडी बदलावी, म्हार्दोळ-मंगेशीच्या माडांमधून पुढे जावे, बाणास्तारीचा पूल ओलांडावा, की थोड्याच वेळात झाडांच्या शेंड्यांवर एक मोडका मनोरा दिसू लागतो. माझा धाकटा भाऊ तो मनोरा आधी कोणाला दिसतो याची पैज लावीत असे. या खेपेस माझ्या शेजारची जागा रिकामी होती. भाऊ गेल्या फेब्रुवारीत प्रभूच्या घरी गेला.

वाचकहो, आपली दुःखे वर्तमानपत्रात मांडणे मला आवडत नाही. परंतु पुढील मजकूर समजावा म्हणून थोडक्यात सांगतो. भाऊ गेला त्यानंतर चार महिन्यांनी, ज्या संस्थेत मी चोवीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या तिने एका पत्राने माझी आवश्यकता संपल्याचे कळविले. पावसाळ्यात गुडघा धरला. दर वर्षी एक जानेवारीस मी एका वहीत वर्षाचे संकल्प लिहितो. गेल्या वर्षी तीन लिहिले होते: घराची कौले बदलणे, मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळवून देणे, आणि फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण आरंभापासून अखेरपर्यंत वाचणे. त्यांतला एकही पुरा झाला नाही. संध्याकाळची जपमाळ मात्र कधी चुकली नाही, आणि खरे दुखणे तेच होते. शब्द ओठांवरून जात होते आणि आत कोणी ऐकत आहे असे वाटेनासे झाले होते.

तो मोडका मनोरा संत ऑगस्टीनच्या मठाचा. या मंदिराचे बांधकाम १६०२ साली पूर्णत्वास गेले. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केल्यावर १८३५ साली मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. उरलेला अर्धा सुमारे ४६ मीटर उंचीचा, जांभ्या दगडाचा, उन्हात लालभडक दिसणारा. त्याची घंटा काही काळ आग्वादच्या दीपगृहात होती; १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे व आजही वाजते.

ज्या नगरात अशी मंदिरे उभी राहिली ते नगर स्वतः मात्र टिकले नाही. साथींनी माणसे मरू लागली, विहिरींचे पाणी दूषित झाले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलविले आणि १८४३ साली पणजी राजधानी झाली. राजवाड्याचे नावच तेवढे उरले. येथील इतिहासात सारेच अभिमानाने सांगण्याजोगे आहे असेही नाही. इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली याच नगरात स्थापन झाले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. भक्ताने हेही डोळे उघडे ठेवून पाहावे; संतांना त्याने कमीपणा येत नाही.

या ऑगस्टीनच्या भग्नावशेषात एक विलक्षण शोध लागला. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिने श्रद्धा सोडण्याचे नाकारले म्हणून १६२४ साली शिराझ येथे तिचा वध झाला. ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यास आणून या मठात ठेवला होता. मठ पडला, जागा बुजली. २००४ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात एक अस्थी सापडली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत तिची आनुवंशिक परीक्षा होऊन ती राणीचीच असण्याचा निर्वाळा २०१३ साली मिळाला, आणि २०२१ साली भारत सरकारने ती जॉर्जियाच्या स्वाधीन केली. छत कोसळून दीडशेहून अधिक वर्षे झाली होती, तरी त्या ढिगाऱ्याखाली कोणाची तरी ठेव शाबूत होती. मी तेथे दगडावर बसून डबा खाल्ला. गुडघ्याला विश्रांती हवीच होती.

बों जेजूच्या बॅसिलिकेत दुपारी शांतता असते. १६०५ साली तिचे पवित्रीकरण झाले. बाहेरून उघडा जांभा, आत सोनेरी वेदी. आणि उजव्या हाताला संताची समाधी. चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी सतराव्या शतकात घडविली. तिच्याखालचे संगमरवरी बैठकीचे काम तस्कनीच्या ड्यूकने पाठविलेले, ते १६९८ साली बसविले गेले. त्यावर ब्राँझचे चार पट आहेत. यात्रेकरूंची नजर पेटीवर जाते आणि ती तेथेच राहते. मी या खेपेस पट पाहत उभा राहिलो, कारण त्यांतला एक संताच्या मृत्यूचा आहे.

आपण त्यांना गोंयचो सायब म्हणतो. त्यामुळे त्यांचा शेवट आपल्या ध्यानात फारसा राहत नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरले. दहा वर्षांत ते दक्षिण किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांत, मलाक्का व मोलुक्का बेटांत आणि १५४९ साली जपानात पोहोचले. जपानातून परत येताना एकच ध्येय मनात होते: चीन. एप्रिल १५५२ मध्ये ते गोव्याहून निघाले. चीनच्या दरबारी दूतमंडळाबरोबर जाण्याची योजना होती. मलाक्क्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ती मोडून टाकली. परक्याने नव्हे, स्वकीयाने. तरीही ते पुढे गेले आणि चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगच्वान बेटावर उतरले. मुख्य भूमी तेथून काही कोसांवर. परकीयांना प्रवेशबंदी होती. एका चिनी व्यापाऱ्याने द्रव्य घेऊन कँटनला गुपचूप पोहोचविण्याचे कबूल केले होते. नोव्हेंबरभर त्याच्या नावेची वाट पाहणे चालले. व्यापारी आला नाही. ताप आला. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे, शेहेचाळीसाव्या वर्षी, गवताच्या झोपडीत त्यांचा अंत झाला. जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी ख्रिस्ती तरुण होता.

म्हणजे ज्या तारखेला आपण फेस्त करतो ती त्यांचे सर्वांत मोठे ध्येय अपुरे राहिल्याची तारीख आहे. हे मला इतकी वर्षे पाठ होते. त्या दुपारी ते प्रथमच कळले. आणि एक गोष्ट आठवली. त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूपूर्वी दोनच महिने, इटलीत मात्तेओ रिच्ची यांचा जन्म झाला होता. रिच्ची १५७८ साली याच गोव्यास आले, १५८३ साली चीनमध्ये शिरले आणि १६०१ साली पेकिंगला पोहोचले. झोपडीतल्या त्या तापकरी माणसाला यातले काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. हे सांगून मी माझ्या मनाची समजूत काढीत नाही. रिच्ची जन्मल्याने शांगच्वानची ती नाव आली नाही, आणि माझा भाऊही परत येणार नाही. परंतु वाट पाहता पाहता मरण आलेल्या माणसाजवळ बसणे मला यशस्वी माणसाजवळ बसण्यापेक्षा सोपे वाटले, हे खरे. तेथे जपमाळ काढली. अजूनही कोणी ऐकत आहे अशी खूण पटली नाही. पण न ऐकणाऱ्याशी बोलतो आहोत, असेही वाटले नाही.

बाहेर पायरीवर खानापूरकडच्या एक वृद्ध बाई मेणबत्त्यांची जुडी पदरात धरून बसल्या होत्या. मराठी ऐकून त्यांनीच विचारले, “बेळगावचे का हो तुम्ही?” मी होय म्हणालो. त्या म्हणाल्या, “दरवर्षी फेस्ताला चालत येते. यंदा पाय सुजले, लेक सोडीना. म्हटलं, फेस्त होऊ दे. आता बसने आले. सायब काही माझी हजेरी मांडत नाही.”

“मावशी, मागणे काय मागितले?” मी विचारले.

“मागणं लेकानं सांगितलंय, तेही मांडलं. पण आधी वर्षभरात काय काय झालं ते सांगावं लागतं ना?” आणि मग, हिशेबनीसाची बारकाई पाहून मीही चकित व्हावे इतक्या तपशिलाने, त्यांनी म्हशीच्या दुखण्यापासून नातवाच्या परीक्षेपर्यंत सारे वर्ष मला ऐकविले. मी माझेही सांगितले. भावाविषयी घराबाहेर कोणाजवळ इतके बोललो ते त्या दिवशीच.

उन्हे कलल्यावर माँतीच्या टेकडीवर चढलो. माँतीच्या सायबिणीचे कपेल प्रथम १५१० च्या सुमारास बांधले गेले. गुडघ्याने दर वीस पायऱ्यांना थांबविले, म्हणून दर वीस पायऱ्यांना मागे वळून पाहता आले: आधी से कॅथीड्रल, जिचा एक मनोरा १७७६ साली कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही; मग नारळी; मग मांडवी; आणि माथ्यावर पोहोचल्यावर पलीकडचे दिवाडी बेट, भातशेतांसह. आगमनकाळाचे दिवस होते. खालच्या चर्चमध्ये एक पोरगा शिडीवर चढून गोठ्याच्या देखाव्यासाठी तारा कापडाची असावी की कागदाची, यावर खालच्या माणसाशी वाद घालीत होता.

परतीच्या गाडीत वही उघडली. कौलांचा संकल्प पुढच्या वर्षाच्या पानावर जसाच्या तसा उतरविला. प्रवेशाचा मुलीच्या स्वाधीन केला. अर्ज तिनेच लिहावा, शुल्काचे मी पाहीन. राहता राहिले क्रिस्तपुराण. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे पुराण राशोल येथे १६१६ साली छापले गेले. मधली सदतीस वर्षे या इंग्रज माणसाने आपली मराठी घडविण्यात व साष्टीच्या लोकांत काढली. आमच्या घरात शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली संपादिलेली प्रत आहे, भावाने आणलेली. पहिल्या पुराणात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१, मिळून १०,९६२ ओव्या. सवयीने भागाकार केला. रोज तीस धरल्या तर ३६५ दिवसांत १०,९५० होतात आणि बारा उरतात. त्या बारा नाताळच्या रात्री मुलीने वाचाव्यात, असे ठरविले. अनमोडला चहासाठी गाडी थांबली तेव्हा थंडी पडली होती. स्वेटर पुन्हा अंगात घातला.