विमान निघून गेल्यावर

12 मार्च 2023, रविवार. पोहे परतत होते, तेवढ्यात लेकीने टेबलावर एक कागद ठेवला. "बाबा, इथे तुमची सही हवी."

न्यू साउथ वेल्सच्या रूरल फायर सर्व्हिसमध्ये स्वयंसेवक होण्याचा अर्ज होता. ती सतरा वर्षांची, म्हणून पालकांची संमती लागणार होती.

मी कागद उलटा करून ठेवला. "तुझं बारावीचं वर्ष आहे. आणि तू कशाला? एवढी मोठमोठी विमानं आहेत की त्यांच्याकडे!"

"विमानं आग विझवत नाहीत, बाबा," ती म्हणाली आणि बशी उचलून आपल्या खोलीत गेली.

मंडळी, मला ते मुळीच पटलं नाही. 2019-20 चा तो उन्हाळा तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. दुपारी चार वाजता सूर्य नारिंगी दिसायचा आणि वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास यायचा. गॉस्पर्स माउंटनच्या जंगलात वीज पडून ऑक्टोबरमध्ये लागलेल्या त्या एका आगीने पाच लाख हेक्टरहून जास्त रान खाल्लं. तेव्हा रिचमंडच्या विमानतळावरून उडणारी टँकर विमानं आमच्या छपरावरून जायची. पोटाखालून लाल ढग सोडणारं विमान टीव्हीवर दिसलं की मी मनात म्हणायचो, चला, आता विझली. आमच्या गावात असं एक विमान असतं तर!

आमचं गाव जांबोटी. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाताना खानापूर तालुक्यात लागतं. पुढे कणकुंबी, जिथे मलप्रभा उगम पावते. मग घाट, आणि घाटाखाली गोव्याचं म्हादई अभयारण्य.

नेमका त्याच रात्री दादाचा फोन आला. त्या आठवड्यात म्हादईच्या रानात वणवे पेटले होते. "घाटात सगळा धूर झालाय," दादा सांगत होता. "नेव्हीची, एअरफोर्सची हेलिकॉप्टरं बादली लटकवून पाणी टाकालीत. पण खाली माणसं डहाळं घेऊनच झोडपालीत बघ. आपल्या आज्जासारखी."

आज्जाचं नाव निघालं आणि माझी झोप गेली.

रात्री मी लेकीने पाठवलेले दोन व्हिडिओ बघितले, थोडं वाचलं. कळलं ते सोप्या शब्दांत सांगतो. डीसी-10 हे सर्वांत मोठ्या टँकरांपैकी एक. ते एका खेपेला सुमारे 35,000 लिटर द्रव नेतं. न्यू साउथ वेल्सने 2019 मध्ये विकत घेतलेलं बोइंग 737 नेतं 15,000 लिटर. त्यातला लाल द्रव म्हणजे पाण्यात कालवलेले, खतात असतात तसले अमोनियम फॉस्फेटचे क्षार. लाल रंग एवढ्यासाठी की कुठे पडलं ते वरून दिसावं. पुढे एक छोटं विमान वाट दाखवतं आणि मागून हे धूड झाडांच्या शेंड्यांवरून साठ-सत्तर मीटरवरून जातं. बहुतेक वेळा ते आगीवर ओततच नाहीत! आगीच्या पुढे, अजून न जळलेल्या झाडांवर पट्टा मारतात. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी गवत कापून, जाळून जाळरेषा काढतं ना, तशीच ही आकाशातून काढलेली जाळरेषा. आग तिथे येऊन मंदावते. विझवायला मात्र जमिनीवर माणूस लागतो. तो वेळेत पोचला नाही, तर आग पट्ट्याला वळसा घालते, नाहीतर उडत्या ठिणगीने पलीकडे जाते.

या कामाची किंमतही मोठी आहे. 23 जानेवारी 2020 रोजी कूमाजवळ हर्क्युलिस टँकर कोसळून त्यातले तिघेही अमेरिकन वैमानिक-कर्मचारी गेले. परक्या देशाची झाडं आणि घरं वाचवायला आले होते ते.

आणि आमच्या सह्याद्रीत हे विमान आणलं तरी उपयोग किती? आमचा वणवा बहुधा जमिनीलगत चालतो, पालापाचोळा आणि वाळलेलं गवत खात. वरून टाकलेलं बरंचसं पाणी झाडांच्या माथ्यावरच अडतं. दऱ्या अरुंद, त्यात धूर. म्हणून आपल्याकडे हेलिकॉप्टर येतं. एमआय-17 च्या खाली लोंबणाऱ्या बादलीत 3,500 लिटरपर्यंत पाणी मावतं, आणि जवळच्या धरणातून ती पुन्हा भरता येते. 2019 च्या फेब्रुवारीत बंडीपूरला ती अशीच आली होती. जिथे माणूस चढू शकत नाही अशा कड्यावर तिचा मोठा आधार. बाकी सगळीकडे डहाळे.

आता जे सांगतो ते मी घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

1986 चा मार्च. मी अकरा वर्षांचा. आम्ही तिघं पोरं काजूच्या बिया भाजायला माळावर गेलो होतो. काजूच्या टरफलात तेल असतं. बी तापली की ते फसफसून पेट घेतं. मजा वाटायची. तीन दगड मांडले, पाचोळा घातला, काडी मी ओढली. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पेटतं पान गवतात गेलं. आम्ही चपला मारल्या, माती टाकली. मग पळालो.

आग उतारावरून वर वर चढत गेली. गावात हाक गेली तशी माणसं कोयते घेऊन धावली. ओले डहाळे तोडून ओळीने उभी राहिली आणि आगीच्या कडेवर झोडपत चालली. आमचा आज्जा सगळ्यांत पुढे, अनवाणी. दिवस मावळायच्या आत ज्वाळा बसल्या. बाकीचे घरी परतले. आज्जा आणि आणखी दोघं रात्रभर तिथेच थांबले, कारण वाळलेलं शेण आणि जुने बुंधे आतून धुमसत राहतात आणि पहाटेच्या वाऱ्याला पुन्हा पेटतात.

सकाळी तो घरी आला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड होते. आज्जी खोबरेल लावत होती आणि ज्याने आग लावली त्याला शिव्या घालत होती. मी शेजारी तेलाची वाटी धरून बसलो होतो. आज्जा एवढंच म्हणाला, "जाऊ दे गं. विझली नव्हं."

1994 साली आज्जा गेला. आधी भीतीने सांगितलं नाही, मग लाजेने, मग माणूसच राहिला नाही.

सोमवारी सकाळी हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला आधीपासूनच माहीत होतं, बाबा. विमानाचं."

माहीत होतं खरं. पण मला विमान हवं होतं, कारण विमान असलं की माझ्या लेकीला पुढे उभं राहावं लागणार नाही. त्या दिवशी माझ्या जागी दुसऱ्याचा आज्जा पुढे उभा राहिला असता तर मी आज काय म्हणालो असतो, कोण जाणे. मी सही केली. पण एक अट घातली, अभ्यास सोडायचा नाही. आणि दादाला फोन करून 1986 चं सगळं सांगून टाकलं. तो थोडा थांबला, मग म्हणाला, "अजून काजू भाजतात पोरं तिथं. आता पाण्याची कळशी घेऊन बसायला सांगतो."

तिचं प्रशिक्षण झालं. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी फोन आला. आवाज धुराने बसलेला.

"बाबा, दुपारी विमान आलं होतं. एक पट्टा मारून गेलं."

"मग आता?"

"आता आम्ही ओंडके उलटून उलटून पाणी मारतोय. आतून धुमसतायत. उशीर होईल, जेवून घ्या."

"बूट आहेत ना पायांत?" मी विचारलं.

ती हसली. का विचारलं ते तिला कळलं होतं.