राजाची ताटली

ग्रेट डेन जातीचा राजा नऊ महिन्यांचा झाला आणि पशुवैद्यांनी आखून दिलेल्या आहाराकडे पाठ फिरवू लागला. आग्रहावाचून पाहुण्याला वाढणे या घराला ठाऊक नाही. मग मुक्या जिवाला उपाशी कसे ठेवावे? आजींनी आधी वरून तूप घातले, मग पेढा कुस्करला, शेवटी स्वतःच्या हाताने घास भरवला. राजा हुशार. साधे अन्न नाकारले की गोड मिळते, हे त्याने आठवड्यात ओळखले.

पशुवैद्यांनी बरगड्या चाचपल्या. हाताला लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत, प्रकृती उत्तम. या वयात वाढीचा वेग मंदावतो, तशी भूकही. थोराड जातीच्या पिल्लाचे वजन झपाट्याने वाढले तर कोवळ्या सांध्यांवर भार येतो. वरचे कॅल्शियमही हाडांना अपायकारकच. (कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, ते या स्वयंपाकघरात नव्हतेच. मनुकांचा डबा मात्र वरच्या फळीवर गेला.)

आता ताटली पंधरा मिनिटांनी उचलली जाते. पहिल्या दिवशी राजा सकाळी जेवला नाही, म्हणून आजींनीही दुपारचे पान घेतले नाही. संध्याकाळी त्याने ताटली चाटूनपुसून लख्ख केली. सूर्यास्ताला थोडाच अवकाश होता. आजींनी लगबगीने आपले पान वाढून घेतले.