पाच फ्लॅट, चार शार्प

पेटी वाजवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल, इथे सा हललेलाच नाही. शोपाँच्या ओपस २८ मधला १५वा प्रेल्यूड, ज्याला लोक 'रेनड्रॉप' म्हणतात, डी फ्लॅट मेजरमध्ये सुरू होतो. म्हणजे आपली काळी एक. २८व्या बारला तो सी शार्प मायनरमध्ये जातो. तीही काळी एकच, फक्त ग, ध आणि नी कोमल झाले. कानाला एवढंच कळतं की अंधारून आलं. कागदावर मात्र पाच फ्लॅट काढून चार शार्प लावावे लागतात. डी फ्लॅट मायनर असं सरळ लिहायचं तर आठ फ्लॅट लागतील, आणि सूर तर सातच. म्हणजे एकाला दोन फ्लॅट. तशी की सिग्नेचर सहसा कुणी लिहीत नाही. जुन्या पद्धतीने छापलं, तर या जागी आधी फ्लॅट रद्द करणारे पाच नॅचरल आणि मग चार शार्प अशी नऊ चिन्हं रांगेत उभी राहतात.

हा प्रेल्यूड मी आमच्या हौशी वाद्यवृंदासाठी बसवायला घेतला. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो, एक क्लॅरिनेट, एक आल्टो सॅक्सोफोन. व्हायोला माझा. पार्ट संगणकावर मीच तयार करते, आणि या कामात मला सगळ्यांत जास्त वेळ लावावासा वाटतो तो की बदलण्याच्या जागेवर. भातखंडे लिपीत कोमल स्वराखालची रेघ त्या त्या स्वराला चिकटलेली असते. स्टाफ नोटेशनमध्ये शार्प-फ्लॅटची सूचना फक्त ओळीच्या तोंडाशी मिळते आणि पुढचं सगळं वाजवणाऱ्याने ध्यानात ठेवायचं. ती सूचना मध्येच बदलली आणि नजरेतून सुटली, तर पुढचा प्रत्येक सूर धोक्यात.

हे मी पाहिलेलं आहे. एका विकत आणलेल्या संचात की बदलली होती थेट नव्या पानाच्या सुरुवातीला, आणि आधीच्या पानाच्या शेवटी त्याची काहीच खूण नव्हती. चेलो वाजवणारा पान उलटत होता. पान उलटताना नजर पहिल्या सुरावर जाते, डावीकडच्या चिन्हांवर नाही. तो जुन्याच कीमध्ये वाजवत राहिला, आणि त्याचा यात काडीचाही दोष नव्हता.

म्हणून नवी की ओळीच्या आरंभी येत असेल, तर आधीची ओळ संपताना दुहेरी बाररेघ मारायची, तिच्या पुढे नवी की सिग्नेचर लिहायची आणि पाच रेघांचं उजवं टोक उघडं सोडायचं. पुढच्या ओळीवर क्लेफ आणि चार शार्प, एवढंच. तिथे नॅचरल लिहायचे नाहीत. धातूच्या पत्र्यावर ठशांनी संगीत कोरलं जायचं तेव्हा कारागिराला ही जागा आधीच मोजून ठेवावी लागे. आता सॉफ्टवेअर ती आपोआप सोडतं. पण ओळ कुठे तोडायची हे मी अजून स्वतःच ठरवते. २८वा बार नव्या ओळीवर आणि त्याच पानावर, हे आधी नक्की करते. बाकीची मांडणी त्याभोवती.

व्हायोलाला मी तो सतत टपटपणारा सूर दिला होता. आधी तो ए फ्लॅट असतो, नंतर जी शार्प. पट्टी तीच, कागदावर मात्र तो एक पायरी खाली उतरतो. पहिल्यांदा वाचताना या जागी हात उगाच हलू पाहतो. त्या दुहेरी रेघेजवळ नवी चिन्हं मोकळी, ठसठशीत दिसली, तर तो हलत नाही.

क्लॅरिनेटचा प्रश्न वेगळा. बी फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट एक स्वर वर लिहितात, म्हणजे डी फ्लॅट मेजरचा ई फ्लॅट मेजर होतो, तीन फ्लॅट. सी शार्प मायनर गणिताने डी शार्प मायनर होईल, सहा शार्प. मी तिथे ई फ्लॅट मायनर लिहिलं. त्यालाही सहाच चिन्हं लागतात, पण सहाही फ्लॅट आणि पहिले तीन आधीपासूनचेच. आल्टो सॅक्सोफोनला दोन फ्लॅटचे पाच होतात. तंतुवाद्यं फ्लॅटकडून शार्पकडे उडी मारतात, तेव्हा फुंकवाद्यं फ्लॅटमध्येच आणखी खोल जातात. सगळ्यांना सरसकट शार्प देणं सोपं होतं, पण वाचणाऱ्यावर तो अन्याय झाला असता.

क्लॅरिनेट वाजवतात ते आमचे सर. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकलेले, नंतर मुंबईत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसलेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा अशा गोवेकर अरेंजरांनी स्टाफ नोटेशन जिथे रोजच्या वापरात आणलं, ती ही दुनिया. पार्ट हातात पडायचा तो रेकॉर्डिंगच्याच दिवशी. माझ्या मांडणीत क्लॅरिनेट २० ते ३१ बार गप्प आहे. बारा बारांची एकच विश्रांती लिहिली तर की मध्येच, कुणाच्या नकळत बदलेल. म्हणून आठ, मग दुहेरी रेघ आणि सहा फ्लॅट, मग चार. सरांनी तिथे बोट ठेवलं, मान हलवली आणि पुढे गेले.

थांबले ते ७६व्या बारला, जिथे डी फ्लॅट मेजर परत येतो. त्यांच्या पार्टमध्ये तिथे सहा फ्लॅटचे तीन व्हायचे. हल्लीची रीत अशी की नॅचरल गाळायचे. फक्त सी मेजर किंवा ए मायनरला जाताना ठेवायचे, कारण तिथे दुसरं काही लिहायलाच नसतं. व्हायोलिनसाठी ही रीत मला पूर्ण पटते. चार शार्पच्या जागी पाच फ्लॅट दिसले की चिन्हांचा आकारच बदलतो. आणखी चार नॅचरल म्हणजे निव्वळ गर्दी.

"हे तीन फ्लॅट आधी होतेच ना," सर म्हणाले. "गेले कुठले, ते कसं दिसणार मला?"

बरोबर होतं त्यांचं. बी, ई, ए तसेच राहतात. डी, जी, सी जातात. चिन्ह तेच, नुसती संख्या घटली, आणि घाईतल्या नजरेला ही घट चटकन जाणवत नाही. एकाच रचनेच्या पार्टमध्ये दोन रीती नसाव्यात, असं काटेकोर संपादक म्हणतील. मला वाजवणाऱ्याचे डोळे जास्त मोलाचे वाटतात. त्याच रात्री मी क्लॅरिनेटच्या पार्टमध्ये डी, जी आणि सीचे नॅचरल घातले, सॅक्सोफोनच्या पार्टमध्येही तसंच केलं, आणि व्हायोलिन, व्हायोला, चेलोचे पार्ट होते तसे छापायला दिले.