सायकल घ्यावी रस्ता पाहून

"अबे, एवढ्या पैशात जुनी मोटारसायकल येते!" मेसमधल्या सगळ्यांचं हेच मत. पण 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटर! तेव्हापासून माझ्या डोक्यात रेसिंग सायकल होती. पैसे साठवून शेवटी नागपूरच्या दुकानात गेलो.

काळी कार्बनची सायकल बघताक्षणी आवडली. एका हाताने उचलली. पण टायर 25 मिलिमीटरचे, अन् त्या फ्रेममध्ये याहून जाड बसत नाहीत. मला घरचा रस्ता आठवला. चंद्रपूर, मूल, सावली, वैनगंगेचा पूल, मग गडचिरोली. मूलच्या अलीकडे वाघाचं जंगल. तिथे पंक्चर काढत बसायचं? जाड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, खड्ड्यांचे हादरे टायरच पचवतो.

अ‍ॅल्युमिनियमची घेतली, 32 चे टायर बसणारी. थोडी जड, रंगाने साधी. खोटं कशाला बोलू, निघताना काळीकडे दोनदा वळून पाहिलं. वाचलेल्या पैशात हेल्मेट, पंप आणि पंक्चरचं सामान आलं.

पहिल्याच सुट्टीत सायकलने घरी पोचलो. एकही पंक्चर नाही! बाबांनी सायकल चारी बाजूंनी निरखली अन् विचारलं, "कॅरिअर कुठं हाय रे?"

मित्रांनो, तेवढं सोडलं तर निवड चुकली नाही.