पाठीला लावलेला कान

१९८४ साली मी छातीच्या वॉर्डात निवासी डॉक्टर होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी एका पेशंटच्या पाठीवर माझा स्टेथोस्कोप टेकवला. ‘अगदी खाली ऐक. श्वास आत घेताना, शेवटाला.’ कानाशी केसांची बट बोटांत चुरावी, तसा बारीक आवाज आला. त्याला ताप नव्हता, कफ नव्हता. कोरडा खोकला आणि जिना चढताना दम, एवढंच. बोटं पाहिली तर नखं पोपटाच्या चोचीसारखी वळलेली.

सर स्टूल ओढून बसायचे. काम काय करता, गिरणीत की खाणीत, घरात पाखरं आहेत का, सांधे दुखतात का... अर्धा तास सहज जायचा.

मग एक्स-रेची ओली फिल्म यायची, ती आम्ही खिडकीशी धरायचो. खाली दोन्हीकडे धूसर जाळी. कसली, ते कळायचं नाही. खात्री हवी तर छाती उघडून फुप्फुसाचा तुकडा काढायचा. पण ज्याला जिना चढवत नाही, त्याला टेबलावर घ्यायचं कसं? मग थुंकीत जंतू नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू व्हायच्या, महिनोन् महिने. मीही लिहून दिल्यात. ते चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात.

एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन आला आणि त्या धूसर जाळीचे धागे दिसू लागले. मिलिमीटरभर जाडीचे काप, गरज पडली तर पालथं झोपवूनही काढलेले. फुप्फुसाच्या तळाशी, कडेला मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी स्पष्ट दिसली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर आता बहुतेकदा तुकडा काढावा लागत नाही. अडलं तर छातीचे डॉक्टर, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. केवढा त्रास वाचला माणसांचा!

पण नवी मुलं पाठीआधी स्क्रीन बघतात, याचं मला वाईट वाटतं. २०१७ साली आपल्याकडच्या १९ शहरांतल्या, फुप्फुसांत अशी जाळी होणाऱ्या १०८४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे ४७ टक्क्यांना श्वासातून जाणाऱ्या कशाची तरी ॲलर्जी भोवलेली होती. कूलर, पाखरं, बुरशी. ते कशामुळे, हे विचारल्याशिवाय कसं कळणार?

परवा मुंबईच्या एक बाई आल्या. स्कॅन झालेला, फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी (पीएफटी) झालेली, फाइल जाडजूड. मी स्टूल ओढलं.

‘घरात कबुतरं येतात?’

‘घरात नाही हो. स्वयंपाकघराच्या ग्रीलमध्ये अंडी घालतात. ती घाण रोज मीच झाडते.’

मी त्यांना पाठ वळवायला सांगितलं.