चार मिनिटं वीस सेकंद

तर झालं असं, की चाकणच्या एका कारखान्यात आमचं कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. ३० कॅमेरे आणि कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन्स. सुरू केलं की सगळं झकास दिसायचं आणि चारेक मिनिटांनी काळोख! रीस्टार्ट केलं की पुन्हा चालू. चार मिनिटांनी पुन्हा काळोख.

रीस्टार्टने बरं होतंय म्हणजे दोष सॉफ्टवेअरचाच, असं मी ठरवूनच टाकलं. व्ह्यूअरचा कोड टीममधल्या नव्या मुलीचा होता. मॅनेजरला सीसी करून मेल टाकली, "मेमरी लीक दिसतोय, आजच बघ." बिचारी दोन रात्री जागली. "अरे, लीक नाहीये, तीनदा बघितलं," म्हणाली. मी म्हटलं, चौथ्यांदा बघ. (हे लिहितानाही लाज वाटतेय.)

तिसऱ्या दिवशी तीच घड्याळ लावून बसली. "दर वेळी चार मिनिटं वीस सेकंद. लीक इतका वक्तशीर असतो का रे?"

२६० सेकंद... हा आकडा मी कॉलेजात पाठ केला होता!

थोडं विषयांतर. मल्टिकास्टमध्ये कॅमेरा व्हिडिओ एकदाच पाठवतो, एका ग्रुपच्या पत्त्यावर. कोण बघतंय, त्याला पत्ताच नसतो. तो हिशोब आयजीएमपी ठेवतं. कॉट बेसिसवर राहिलेल्यांना हे लगेच कळेल. आमच्या काकू रोज संध्याकाळी दारातून ओरडायच्या, "जेवायला आहे का रे कुणी?" एकाने "आहे काकू" म्हटलं की बाकीचे गप्प. काकूंना डोकी मोजायची नसत, या खोलीत पातेलं पाठवायचं की नाही एवढंच हवं असे. १९९७ च्या व्हर्जन दोनमध्ये हुबेहूब हेच. राउटर दर १२५ सेकंदांनी विचारतो. मशीन दहा सेकंदांच्या आत कधीतरी उत्तर देतं, पण तेवढ्यात दुसऱ्याचं उत्तर ऐकू आलं तर गप्प बसतं. (२००२ च्या व्हर्जन तीनमध्ये ही सूट गेली, आपापलं सांगायचं.) १९८९ च्या पहिल्या व्हर्जनमध्ये तर 'आलोय' सांगायची सोय होती, 'निघालो' सांगायची नव्हती. माझे निम्मे रूममेट्स त्याच व्हर्जनचे!

आता गणित. दोन वेळा विचारायचं, वर दहा सेकंद वाट पाहायची. १२५ दुणे २५०, अधिक १०. तोवर कुणी बोललं नाही तर ग्रुप बंद. स्विच हे बोलणं चोरून ऐकतो, म्हणजे स्नूपिंग, आणि 'आहे' म्हणणाऱ्या पोर्टवरच व्हिडिओ सोडतो.

वायरशार्क लावला. व्ह्यूअर सुरू होताना मशीन आपणहून 'आहे' म्हणत होतं. विचारणारं मात्र कुणीच नव्हतं! तिथल्या आयटीवाल्या काकांना विचारलं. "जुना राउटर मागच्या महिन्यात काढला की. फायरवॉल आहे ना आता!"

थोडक्यात, काकूच घर सोडून गेल्या होत्या. विचारत कुणी नाही, म्हणून मशीन बोलत नाही, म्हणून २६० सेकंदांनी स्विच त्याचं नाव खोडतो.

"मग ते स्नूपिंगच बंद करा," काका म्हणाले. केलं (हो, मीच). स्क्रीन्स धडाधड सुरू झाल्या आणि पाच मिनिटांत गेटवरून फोन, हजेरीचं मशीन अडकलंय. स्नूपिंग नाही म्हणजे सगळा व्हिडिओ प्रत्येक पोर्टवर. ३० कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस, झाले १२०. हजेरीचं पोर्ट १०० चं. शिफ्ट सुटलेली, गेटवर ही भली मोठी रांग! गुपचूप परत चालू केलं.

खरा उपाय किरकोळ निघाला. राउटर नसेल तर स्विचलाच प्रश्न विचारायला लावता येतं, क्वेरिअर नावाची सेटिंग असते. ती चालू केली आणि समोर बसून राहिलो. चार वीस झाले. पाच झाले. चहा आला.

परत येताना गाडीतूनच मेल लिहिली. "व्ह्यूअरमध्ये दोष नव्हता, माझं निदान चुकलं, सॉरी." सीसीत तेच सगळे लोक.

तिचं उत्तर रात्री आलं. वायरशार्कची फाइल पाठव, म्हणे, मला बघायचीय.